ग्रांट डफ : चरित्र, कुल आणि कागदांचा प्रवाद

मराठ्यांचा विस्तृत इतिहास इंग्रजींत प्रथम लिहिणारा जो ग्रांट डफ, त्याच्या ग्रंथावर महाराष्ट्रांत टीका थोडी झालेली नाहीं. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनीं १८६८ सालीं आपली टीका प्रसिद्ध केली. राजवाडे यांनीं १८९८ पासून मूळ साधनांचे खंड काढून त्याच्या ग्रंथांतील उणिवा उघड केल्या. आणि न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालच्या आपल्या ग्रंथांत, मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रींतील वणवा, ही त्याची उपमाच खोडून काढली. या सर्व टीकेचा रोख ग्रंथावर होता. ग्रंथकर्ता कोणत्या कुळांतला, कोणत्या लढाईंत उभा राहिलेला, हा विचार त्या मानानें मागें राहिला. तो केल्यास ग्रंथाचा कोणता भाग साक्ष म्हणून घ्यावा आणि कोणता केवळ मत म्हणून बाजूस ठेवावा, हें ठरविण्यास एक कसोटी हातीं येते, असें आम्हांस वाटतें.

जेम्स ग्रांटचा जन्म ८ जुलै १७८९ रोजीं स्कॉटलंडांतील बँफ गांवीं झाला. बाप जॉन ग्रांट. आई मार्गारेट ही ईडन येथील डफ घराण्यांतली. बाप लवकर वारला व कुटुंब ॲबर्डीन येथें आलें. कंपनीच्या मुलकी नोकरीची वाट पाहण्याचा धीर न निघाल्यामुळें १८०५ सालीं, सोळाव्या वर्षीं, त्यानें लष्करांतली उमेदवारी पत्करली व तो मुंबईस आला. मुंबईच्या ग्रेनेडियर पलटणींत असतां काठेवाडांतील मालियाच्या गढीवरील हल्ल्यांत त्यानें नांव मिळविलें. पुढें तो एल्फिन्स्टनच्या नजरेस येऊन पुण्याच्या रेसिडेन्सींत त्याचा मदतनीस झाला. १८१७-१८ च्या युद्धांत त्यानें लष्करी व मुलकी अशीं दोन्ही कामें केलीं. १८१८ सालीं त्याची साताऱ्यास नेमणूक झाली आणि छत्रपति प्रतापसिंह यांच्याशीं २५ सप्टेंबर १८१९ रोजीं झालेला तह त्याच्याच हातून झाला. श्रमानें प्रकृति खचल्यामुळें तो स्वदेशीं परतला. साताऱ्यास त्याच्या जागीं ब्रिग्स आला. इतिहासाचे तीन भाग १८२६ सालीं लंडनमध्यें छापून निघाले. तो २३ सप्टेंबर १८५८ रोजीं वारला.

त्याच्या कुलवृत्तांत संग्राहकांच्या उपयोगाची एक गोष्ट आहे. 'डफ' हें उपनांव त्याच्या पितृकुलाचें नव्हे. आईकडील ईडनची मिळकत त्याजकडे आली तेव्हां, म्हणजे १८२५ च्या सुमारास, तें त्यानें आपल्या नांवास जोडलें. आणि १८५० सालीं पत्नीकडून दुसरी मिळकत आली तेव्हां 'कनिंगहॅम' हें तिसरें नांव घेतलें. अर्थात् साताऱ्याच्या कारकीर्दींतील कागदांत 'डफ' शोधणें व्यर्थ होय. तेथें तो केवळ कपतान ग्रांट आहे. परंतु एवढ्यानें भागत नाहीं. सर रॉबर्ट ग्रांट नांवाचा निराळा गृहस्थ १८३५ पासून १८३८ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता, प्रतापसिंहांवरील आरोपांचें प्रकरण त्याच्याच अमदानींत उभें राहिलें, आणि तो वारलाहि पुण्यानजीक दापोडीस. नारायण पेठेंतील एखाद्या वाड्याच्या माळ्यावरून रुमाल निघाला आणि आंत 'ग्रांटसाहेब' असें मोडी अक्षर दिसलें, तर मित्ति पाहिल्याशिवाय तो कागद इतिहासकाराच्या नांवें नोंदूं नये. नांवाचें साम्य हा पुरावा नव्हे.

या घराण्याचा हिंदुस्थानाशीं व शिपाईगिरीशीं संबंध पुढेंहि राहिला. पत्नी जेन ही मद्रासकडील नामांकित वैद्य व वनस्पति-औषधींवरील ग्रंथाचा कर्ता व्हाइटलॉ एन्स्ली याची कन्या. वडील मुलास बापानें आपल्या पुण्याच्या वरिष्ठाचें नांव दिलें. तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रांट डफ १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर होता. त्याचा मुलगा एड्रियन १९१४ सालीं फ्रान्समधील रणांगणावर पडला.

आतां ग्रंथाकडे वळूं. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीवर कंपनीच्या सुमारें २८०० लोकांसमोर पेशव्यांची फौज चालून आली, तेव्हां ग्रांट तेथें हजर होता. त्या प्रसंगावरील त्याची टीप सर्व ग्रंथांत निराळी उठून दिसते. उकाड्याचा तिसरा प्रहर, वारा पडलेला, टापांचा व तोफांच्या चाकांचा तेवढा आवाज, शेतें टाकून पळणारे कुणबी, जूं तोडून धांवणारे बैल, आणि उड्या मारीत दूर जाऊन क्षणभर मागें वळून पाहणारीं हरणें, हें सर्व त्यानें टिपलें आहे. आणि फौजेस उपमा दिली आहे खंबायतच्या आखातांतील भरतीच्या लोंढ्याची. ही उपमा पुस्तकी नव्हे. गुजराथेकडील चाकरींत पाहिलेला देखावा त्याच्या डोळ्यांपुढें उभा राहिला, असा आमचा तर्क आहे. जरीपटक्याचे मोरोपंत दीक्षित हे आपला मित्र कॅप्टन फोर्ड याच्याच पलटणीच्या तोफेनें पडले, ही हकीकतहि तो शत्रूविषयीं आदर राखून सांगतो. असे भाग साक्षीदाराचे आहेत व ते त्या मोलानें घेतले पाहिजेत.

याच्या उलट, छत्रपति व पेशवे यांच्या परस्पर अधिकाराविषयीं तो लिहितो तेव्हां साक्षीदार बोलत नसून साताऱ्याचा कारभार बसविणारा अधिकारी बोलत आहे, हें ध्यानांत ठेवावें. पेशवाई बुडवून छत्रपतींस गादीवर बसविणें हें कंपनीचें धोरण होतें. तें अंमलांत आणण्याचें काम ज्याच्याकडे होतें त्याच्याच लेखणींतून हा निवाडा उतरला आहे. वणव्याच्या उपमेचें मूळहि येथेंच असावें. ज्यानें हें राज्य त्याच्या अखेरच्या लढाईंत पाहिलें, त्यास त्याचा आरंभहि आगीसारखाच भासला.

राहिला कागदांचा प्रवाद. ग्रांट डफनें काम होतांच मराठी कागद जाळविले, असें महाराष्ट्रांत पुष्कळ दिवस बोललें जात असे. त्यानें आपल्या टिपांतून अमुक बखरीची प्रत मुंबईच्या लिटररी सोसायटींत ठेविली आहे असें नमूद केलें. पुढें शोधणारांस त्या प्रती तेथें सांपडल्या नाहींत. त्यांतून हा संशय वाढला. परंतु ज्यास कागद नाहींसे करावयाचे असतील तो त्यांचा ठावठिकाणा छापून ठेवणार नाहीं. शिवाय प्रत गेली म्हणून मूळ गेलें असें होत नाहीं. त्यानें वापरलेली मल्हार रामराव चिटणिसांची बखर पुढें मराठींत छापली गेली; पेशवे दप्तरांतून सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ भाग काढले. जाळपोळ झाली ती निराळीच. नारायण पेठेच्या अंगावरून वाहणारी मुठा ज्या संगमास मिळते, तेथील रेसिडेन्सी खडकीच्या दिवशीं पेशव्यांच्या लोकांनीं पेटविली व तींत एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह आणि कागदपत्र खाक झाले. दुसऱ्यावर आगीचा आरोप करितांना ही आग आपण विसरतां कामा नये.

ग्रांट डफच्या चुका दाखविणें हें आपलें कर्तव्य होतें व तें आपल्या पूर्वसूरींनीं मूळ कागद छापून बजावलें. प्रवादानें तें काम झालेलें नाहीं व होणारहि नाहीं. त्या प्रतींचें जें झालें तें आपल्या संग्रहांतील कागदांचें होऊं नये एवढें जरी संग्राहकांनीं मनावर घेतलें, प्रत्येक रुमालाची यादी केली, प्रत दुसऱ्या ठिकाणीं ठेविली आणि ती कोणाच्या हातीं दिली तें लिहून ठेविलें, तरी या शिपायाच्या चरित्रापासून इतिहासास पुष्कळ लाभ झाला असें म्हणतां येईल.