वर्गणी की भाडे?

वर्गणी हा शब्द आपल्या कानांना परका नाही. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद अशा आपल्या सीमाभागातील गावांत उत्सव जवळ आला, की देवस्थानाची मंडळी यादी घेऊन घरोघर फिरतात. कोणी पैसे देतो, कोणी तांदूळ देतो, आणि ज्याला काहीच देता येत नाही तो पंगतीत वाढायला उभा राहतो. प्रसाद घेताना यादीत तुमचे नाव आहे काय, असे कोणी विचारीत नाही. मासिकाच्या वर्गणीचेही तसेच आहे. वर्गणीदार एक असतो, वाचणारे दहा असतात, आणि वर्ष संपले म्हणून जुने अंक परत मागण्यास कोणी दारात येत नाही.

अलीकडे हाच शब्द आणखी एका व्यवहारास लावला जाऊ लागला आहे. मोबाइलवर वा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर कोरियन, जपानी, चिनी मालिका पाहण्यासाठी दरमहा जे पैसे भरावे लागतात त्यांनाही आपण वर्गणीच म्हणतो. हा शब्द तेथे शोभतो काय, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. प्रश्न सुचला तो माझ्या घरातील एका साध्या प्रसंगावरून.

माझ्या आत्याबाई भालकीस राहतात. वय सत्तरीच्या पुढे, मराठी-कानडी दोन्ही उत्तम, इंग्रजीचा गंध नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीने त्यांना 'दे जांग गुम' ही कोरियन मालिका दाखविण्यास आरंभ केला. संवाद कोरियन, खाली इंग्रजी अक्षरे. मुलगी ती अक्षरे वाचून मराठीत अर्थ सांगे आणि आत्याबाई ऐकत. पुराणिकाने पोथी वाचावी आणि श्रोत्यांना अर्थ उलगडून सांगावा, तसाच तो प्रकार होता. शेजारच्या दोन वृद्धाही येऊन बसू लागल्या. कथा निम्म्यावर आली, नायिका गुलाम म्हणून जेजू बेटावर हद्दपार झाली, आणि एके सायंकाळी मालिका त्या सेवेवरून नाहीशी झाली. दाखविण्याच्या हक्काची मुदत संपली होती. पैसे तर वर्षभराचे आगाऊ भरलेले. आत्याबाई म्हणाल्या, "अरे, वर्गणी भरली होती ना? मग पोथी अर्धी का ठेवली?" मी वकील असूनही मला त्यांना पटेल असे उत्तर देता आले नाही.

आत्याबाईंना हळहळ वाटावी अशी ही कलाकृती आहे काय, ते प्रथम पाहू. कोरियातील एम्‌बीसी या वाहिनीने २००३-०४ मध्ये ही चौपन्न भागांची मालिका दाखविली. ली ब्युंग-हून हे तिचे दिग्दर्शक, आणि ली यंग-ए या अभिनेत्रीने नायिकेचे काम केले. १५०६ ते १५४४ या काळात राज्य करणाऱ्या जुंगजोंग राजाच्या दरबारी बखरींत जांग-गुम नावाच्या एका वैद्य स्त्रीचे मोजके उल्लेख येतात. त्या चार ओळींवर लेखिकेने आणि दिग्दर्शकाने हा विस्तीर्ण वाडा उभारला आहे. अनाथ मुलगी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात येते, खोट्या आरोपाने गुरूला आणि प्रतिष्ठेला मुकते, हद्दपारीत वैद्यक शिकते आणि अखेर राजाची वैद्य होते, असा कथेचा ओघ आहे.

या मालिकेचे सामर्थ्य तिच्या स्वयंपाकघरात आहे. आरंभीच्या भागात गुरू असलेली हान ही बाई त्या लहान मुलीला केवळ पाणी आणावयास सांगते. मुलगी पाणी आणते, गुरू पुन्हा आणावयास सांगते. असे अनेकदा घडल्यावर मुलीला उमगते, की पिणाऱ्याचे पोट दुखते काय, घसा बसला आहे काय, हे आधी विचारले पाहिजे. मग ती कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून देते. नैवेद्याच्या स्वयंपाकात आणि पाहुण्याच्या पंगतीत ज्यांचे आयुष्य गेले त्या आपल्या घरच्या स्त्रियांना हा प्रसंग कोणी समजावून द्यावा लागत नाही. पुढे नायिका वैद्य होते ती याच धड्याच्या बळावर, कारण अन्न आणि औषध या दोहोंचा आरंभ समोरच्याची प्रकृती विचारण्यात आहे. कथेच्या दोन खंडांना जोडणारा हा धागा दिग्दर्शकाने शेवटपर्यंत सुटू दिलेला नाही.

दोषही आहेत. चोई घराण्याचे कारस्थान पुढे पुढे साचेबंद होते, पाककलेच्या स्पर्धा एकासारख्या एक वाटू लागतात, आणि सज्जनांवर येणारी संकटे मोजून आणल्यासारखी येतात. उत्तरार्ध आठ-दहा भागांनी आटोपशीर झाला असता तर रस अधिक टिकला असता. तरीही गुरुशिष्येचे इतके संयत चित्र पडद्यावर क्वचितच पाहावयास मिळते.

हीच मालिका या शतकाच्या पहिल्या दशकात दूरदर्शनने 'घर का चिराग' या नावाने हिंदीत दाखविली होती. तिच्यासाठी वेगळी पट्टी कोणास द्यावी लागली नाही. ज्याच्या छपरावर अँटेना होता त्याला ती दिसली. आज अशा कथा अनेक दारांमागे विभागल्या गेल्या आहेत. काही नेटफ्लिक्सवर, काही ॲमेझॉन प्राइमवर, काही राकुटेन विकीवर, जपानी चित्रमालिका क्रंचीरोलवर. रसिकाची आवड एक असली तरी दारे चार, आणि प्रत्येक दाराशी वेगळी पट्टी.

पट्टीचा हिशेब मांडू. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातील दर उतरविले. त्या वेळी मोबाइलपुरता दर दरमहा १९९ रुपयांवरून १४९ वर, त्यावरचा ४९९ वरून १९९ वर, तिसरा ६४९ वरून ४९९ वर आणि सर्वांत वरचा ७९९ वरून ६४९ वर आला. वर्षाचा हिशेब केला तर सर्वांत खालचा दर १,७८८ रुपये आणि सर्वांत वरचा ७,७८८ रुपये होतो. पण या दरपत्रकात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. सर्वांत स्वस्त दरात कथा फोनवर वा टॅब्लेटवरच दिसते. म्हणजे ज्या घरी पैसा कमी त्या घरी माणसाने एकटे, हातातील चौकोनात पाहावे. कुटुंबाने दूरचित्रवाणीसमोर एकत्र बसावयाचे, तर वरची पट्टी. पूर्वी एकत्र बसणे हा गरिबांचा उपाय होता. या दरपत्रकात त्यालाच अधिक मोल पडते.

याचा अर्थ पैसे मागणेच अन्याय्य आहे, असा नव्हे. नटांना, लेखकांना, तंत्रज्ञांना वेतन मिळावयास हवे. चोरून उतरविलेल्या प्रती पाहणे ही चोरीच होय, आणि देवळाच्या पायरीवर बसून तिचे समर्थन करणे आपणांस शोभणार नाही. जाहिराती सोसण्याची तयारी असेल तर एम्‌एक्स प्लेअरसारख्या ठिकाणी हिंदीत उतरविलेल्या काही कोरियन मालिका विनामूल्यही पाहता येतात. माझी तक्रार मूल्याविषयी नाही. त्या मूल्याच्या बदल्यात काय मिळते, याविषयी आहे.

कायद्याच्या भाषेत येथे विक्री होत नाही. ग्राहकास मिळते ती पाहण्याची परवानगी, तीही कंपनीपाशी हक्क असेतोवर. आत्याबाईंची पोथी अर्धी राहिली ती यामुळे. दुसरी अट घरासंबंधी आहे. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतात असे ठरविले, की एक खाते एका घरात एकत्र राहणाऱ्यांपुरतेच. आता ज्या कल्याणीच्या चालुक्य दरबारी विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली, ते कल्याण म्हणजे आपले बसवकल्याण. त्या मिताक्षरेवर पोसलेल्या कायद्यात एक भाऊ बीदरला, दुसरा पुण्याला नोकरीस राहिला म्हणून कुटुंब विभक्त झाले असे होत नाही. वेगळी चूल म्हणजे वाटणी नव्हे, हे आम्ही न्यायालयांत नित्य सांगतो. २००५ च्या दुरुस्तीने तर मुलीलाही जन्मतःच वाटा दिला. परंतु करारापुरते कुटुंब कोणते, हे येथे कंपनी ठरविते, आणि ते इंटरनेटच्या एका जोडणीवरून ओळखते. करार करण्याचा तिला अधिकार आहे, हे मी मान्य करतो. मात्र सही करण्यापूर्वी आपण काय लिहून देत आहोत, हे आपणांस कळावे.

मग देवळाच्या सभामंडपात सर्वांनी मिळून पाहावे काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक उदार तरतूद आहे. हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता, अथवा धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ, नाटक वा संगीत सादर केले तर तो हक्कभंग होत नाही. परंतु ती सवलत साहित्य, नाट्य आणि संगीत यांच्या सादरीकरणास आहे. चित्रपटास वा मालिकेस तिचा लाभ नाही. म्हणजे उत्सवात आपली मुले नाटक करू शकतील, पण स्वतःच्या खात्यावरील मालिका सभामंडपात लावणे कायद्यास आणि करारास, दोहोंस धरून होणार नाही.

राहिला भाषेचा प्रश्न. माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी मराठीत, कानडीत आणि हिंदीतही पदे रचली. त्या भूमीत एकाच भाषेचा हट्ट धरणे मला रुचत नाही. पण कोरियन मालिकांना हिंदी, तमिळ, तेलुगू आवाज मिळतात, मराठी क्वचित आढळते, आणि कोंकणी तर माझ्या पाहण्यात आलेली नाही. कायद्याची आडकाठी म्हणावी तर तीही उरलेली नाही. बंगालीत उतरविलेल्या 'महाभारत' मालिकेस तेथील कलावंत-तंत्रज्ञांच्या संघटनेने विरोध केला, तेव्हा तो स्पर्धा कायद्याच्या कक्षेत येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. कर्नाटकातही भाषांतरित आवाजावरील अघोषित बंदीविरुद्ध स्पर्धा आयोगाने २०१५ मध्ये आदेश दिला होता. तेव्हा आता उणीव आहे ती मागणीची. पैसे आपण देतो, पण आपल्या भाषेत द्या, असे कंपनीला लिहून कळवीत नाही.

तात्पर्य, ज्यास आपण वर्गणी म्हणतो ते भाडे आहे. भाडे देण्यात कमीपणा नाही. भाड्याच्या घरास स्वतःचे समजण्यात मात्र फसगत आहे. म्हणून एका वेळी एकच दार उघडावे, वर्षाचे पैसे आगाऊ न भरता महिन्याचे भरावेत, हाती घेतलेली कथा संपवावी आणि मग ते दार बंद करून दुसरे उघडावे. चार ठिकाणी बारा महिने पैसे भरून कोठेच न पाहणाऱ्यांची घरे मी पुष्कळ पाहिली आहेत.

आत्याबाईंची कथा मात्र पुरी झाली. मुलीने उरलेल्या भागांचा सारांश मिळवून वाचला आणि पाच सायंकाळी, पडदा न लावता, तोंडी सांगितला. शेजारच्या त्या दोघीही आल्या होत्या. शेवटच्या दिवशी आत्याबाईंनी नेमाप्रमाणे गूळ-खोबरे वाटले, आणि ते वाटताना कोणी काय भरले होते हे विचारले नाही.