कोन मोजले, पुढे काय?

झिरो माइलपाशी सेल्फी काढून झाला असेल, तर एकदा हिंगणघाटलाही जाऊन या. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लॅम्बटन नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी तिथे वारले. त्यांची कबरही तिथेच आहे. जॉन कीय यांच्या 'द ग्रेट आर्क' (२०००) या पुस्तकात हीच गोष्ट आहे. संशोधनात यायचं असेल तर ते जरूर वाचा.

माझी तक्रार एकच. जंगल, ताप, अर्ध्या टनाचा थिओडोलाइट हे सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. कोन मोजून झाल्यावर कागदावर काय घडलं, ते मात्र मागे पडतं. खरं तर तेव्हा 'कंप्युटर' हे माणसाचं पद होतं; राधानाथ सिकदार १८३१ मध्ये त्याच पदावर रुजू झाले.

आकडेमोडीला एवढं महत्त्व का? स्वतःच करून बघा. त्रिकोणाची बाजू ५० किलोमीटर धरा. कोनात १ सेकंद चुकलं, तर टोकाला फरक पडतो सुमारे २४ सेंटिमीटर. आता तीच बाजू साध्या स्लाइड रूलवर काढा. त्यावर जेमतेम तीन अंक वाचता येतात. हजारात एक चूक धरली तरी ५० मीटर गेले! थिओडोलाइटची सगळी मेहनत पाण्यात. सात अंकी लॉगटेबलवर हीच चूक काही मिलिमीटरवर येते.

मग स्लाइड रूल टाकाऊ का? मुळीच नाही. पृथ्वी गोल असल्याने मोठ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित जास्त भरते. तिन्ही बाजू ५० किलोमीटर असतील, तर साधारण ५.५ सेकंदांनी. ही वाढ स्लाइड रूलवर काढली, तर चूक फक्त ०.००५५ सेकंद. चालतंय की! म्हणजे मोठी संख्या लॉगटेबलवर, छोटी दुरुस्ती स्लाइड रूलवर. पुढे तर सर्वेक्षणासाठी खास स्लाइड रूलच निघाले. तिरप्या अंतरावरून आडवं अंतर आणि उंची काढायच्या पट्ट्या त्यांवर आखलेल्या असत.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी रिपोर्टमध्ये आठ दशांश स्थळं छापली होती. उपकरण दोनच देत होतं. गाइडनी एवढंच विचारलं, "बाकीचे सहा कुठून आणलेस?"

तुमच्या सूत्रातलं कुठलं पद किती अंक मागतं, ते आधी लिहून काढा. सॉफ्टवेअर नंतर उघडा.