गिरजाघर, बाजार आणि इर्जिक

एरिक रेमंड या अमेरिकन लेखकाचा ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ हा निबंध १९९७ सालीं जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें प्रथम वाचला गेला आणि १९९९ सालीं त्याच नांवाच्या ग्रंथांत इतर निबंधांसह प्रसिद्ध झाला. पाव शतक उलटून गेलेल्या ग्रंथाचें परीक्षण आतां कशाला, असें कोणी विचारील. ग्रंथ जुना झाला हें खरें. पण त्यांतील रूपक अद्याप ताजें आहे. शिक्षण, शेती, कारखानदारी यांपैकीं कशाचीहि सुधारणा ‘खुल्या सहकार्या’नें करावी असें सांगणारा वक्ता उभा राहिला कीं तो बहुधा रेमंडचाच बाजार आपणांपुढें मांडीत असतो. तेव्हां हा माल एकदां पारखून घेणें अवश्य आहे.

ग्रंथाचा विषय संगणकाच्या आज्ञावलीचा. आज्ञावलीचें मूळ लेखन गुप्त न ठेवतां सर्वांस वाचूं द्यावें, दुरुस्त करूं द्यावें व पुन्हां वाटूं द्यावें, ही चळवळ रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं आरंभिली. त्यांची भूमिका नीतीची होती: जो यंत्र वापरतो त्याला तें समजून घेण्याचा अधिकार आहे. १९९१ सालीं हेलसिंकीच्या विद्यापीठांतील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्यानें आपलें ‘लिनक्स’ असेंच जगापुढें ठेवलें, आणि देशोदेशींच्या अपरिचित माणसांनीं तें वाढविलें. रेमंडनें नीतीचा प्रश्न बाजूस सारून व्यवहाराचा धरला. थोडक्या कारागिरांनीं बंद दारांआड बांधलेलें काम म्हणजे गिरजाघर; शेंकडों लोकांच्या गलबल्यांतून उभें राहतें तें बाजाराचें; आणि बाजारांत दोष लौकर सांपडतात, कारण पाहणारे डोळे पुष्कळ असतात, हा त्याचा सिद्धांत. टपाल आणणारी एक लहानशी आज्ञावली त्यानें स्वतः याच पद्धतीनें वाढविली व तिची हकीकत निबंधांत सांगितली. अनुभवावर उभें असल्यामुळें हें लेखन आजहि वाचनीय वाटतें. शास्त्रीय विषयांवर लिहिणाऱ्या आमच्या लेखकांनीं हा गुण अवश्य घ्यावा. परिणामहि मोठा झाला. १९९८ सालीं नेटस्केप कंपनीनें आपल्या आज्ञावलीचें मूळ लेखन खुलें करण्याचें ठरविलें, त्या निर्णयामागें या निबंधाची प्रेरणा होती.

परंतु रूपकाविषयीं आमची तक्रार आहे. बाजारांत भाव असतो, घासाघीस असते, मालाचा धनी असतो. रेमंड ज्याचें वर्णन करतो त्यांत यांपैकीं कांहींच नाहीं. त्याला आमच्या खेड्यांत निराळेंच नांव आहे: इर्जिक. एखाद्याची नांगरट मागें पडली कीं शेजारीपाजारी आपापलीं औतें-बैल घेऊन त्याच्या शेतांत उतरतात, एका दिवसांत रान नांगरून देतात, आणि धनी सर्वांस जेवूं घालतो. पैसा कोणी घेत नाहीं. मात्र आज ज्याच्या शेतांत औतें आलीं तो उद्यां दुसऱ्याच्या शेतांत गेला नाहीं, तर गांव तें विसरत नाहीं. रेमंड मानतो कीं काम करणाऱ्यास कीर्ति मिळते व तेवढ्यानें हिशेब पुरा होतो. तो पुरा होत नाहीं, हें २०१४ सालीं दिसून आलें. असंख्य संकेतस्थळें सुरक्षिततेसाठीं ज्या ‘ओपन एसएसएल’वर विसंबून होतीं, तिच्यांत ‘हार्टब्लीड’ नांवाचा घोर दोष दोन वर्षें उघड्यावर पडून होता. वाचण्यास कोणास बंदी नव्हती. वाचलें कोणीं नाहीं. त्या आज्ञावलीची राखण मूठभर माणसें करीत होतीं, आणि तिच्या जिवावर मोठ्या झालेल्या कंपन्यांस त्यांच्या जेवणाची आठवण दोष सांपडल्यावर झाली.

दुसरा प्रश्न लोखंडाचा. खडकीसारख्या ठिकाणीं राहणाऱ्यास तो टाळतां येत नाहीं. येथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून भिंतीआड आहे. तो तसाच असावा, याविषयीं वाद नाहीं. १९४६ सालीं येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. तिचे आराखडे अर्थातच तिचे स्वतःचे. पण विहिरीवर बसलेलें इंजिन पान्यानें उघडतां येत होतें, आणि खेड्यांतल्या मिस्त्रीनें तें उघडून, प्रसंगीं बिघडवून, पुन्हां जोडून आपली विद्या मिळविली. आराखडा बंद, यंत्र मात्र उघडें! आज उलट प्रकार दिसूं लागला आहे. मोठ्या आधुनिक ट्रॅक्टरांच्या पोटांत आज्ञावली शिरली आणि ती कुलुपांत गेली. स्वतःच्याच अवजारांच्या दुरुस्तीचा हक्क शेतकऱ्यास मिळावा म्हणून अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यास २०२३ सालीं कायदा करावा लागला. रेमंडनें बाजूस सारलेला नीतीचा प्रश्न असा शेताच्या बांधावर पुन्हां येऊन उभा राहतो, आणि त्याच्या ग्रंथांत त्यास उत्तर नाहीं.

आराखडा खुला केला म्हणजे वस्तु तयार होते असेंहि नाहीं. शिरूर तालुक्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढला. हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधनशाळेंतील काम सोडून ते या कोरडवाहू मुलखांत आले, आणि शाळेंत न रमलेल्या मुलांकडून सुतारकाम, लोहारकाम, वीजजोडणी, शेती हातांनीं करवून त्यांतून विज्ञान शिकवूं लागले. २००२ सालीं मॅसाच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या साहाय्यानें तेथें ‘फॅब लॅब’ सुरू झाली. त्या संस्थेबाहेर निघालेल्या अगदीं पहिल्या अशा कार्यशाळांपैकीं ती एक. एका देशांत काढलेला आराखडा दुसऱ्या देशांतल्या माणसानें घ्यावा व आपल्या गरजेप्रमाणें बदलावा, ही या कार्यशाळांमागील कल्पना. पण परदेशचे आराखडे पाबळास पोंचण्यापूर्वीं एकोणीस वर्षें तेथें हात तयार होत होते, ही गोष्ट खुलेपणाचे प्रचारक सहसा सांगत नाहींत.

नवल हें कीं, रेमंडला याची अगदींच कल्पना नाहीं असें नव्हे. याच ग्रंथांतील ‘द मॅजिक कॉल्ड्रन’ या निबंधांत तो स्पष्ट म्हणतो कीं आज्ञावली ही कारखान्यांतून निघणाऱ्या मालासारखी नसून मुख्यतः सेवा आहे, आणि तिला माल समजणें हा भ्रम होय. मग त्याच्याच नांवानें कारखान्यांचे दरवाजे उघडूं पाहणाऱ्यांनीं ग्रंथ पुरता वाचला कीं नाहीं, अशी शंका येते. ग्रंथकर्त्यानें हे निबंध कोणासहि विनामूल्य वाचतां येतील असे ठेवले आहेत. ते मराठींत आणण्याचें कोणी मनावर घेतल्यास त्यानें आरंभ या निबंधापासून करावा, आणि ‘बाजार’ या शब्दास एक तळटीप जोडावी.