नाट्यगृहाचा कान

नाट्यगृह चांगलें कीं वाईट, हें आपण बहुधा त्याच्या दर्शनी भागावरून ठरवितों. कमानी पाहतों, खुर्चीची गादी चांचपतों, गाडी उभी करावयास जागा आहे ना याची चौकशी करतों, आणि आंत गारवा लागला म्हणजे संतुष्ट होतों. भरतमुनींनीं ही परीक्षा दुसऱ्या टोंकाकडून केली. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत मंडपाचे तीन आकार व तीन मापें सांगून माणसांसाठीं त्यांनीं ६४ हात लांब व ३२ हात रुंद एवढाच मंडप पसंत केला. म्हणजे आपल्या मापानें सुमारें ९६ फूट लांबी व ४८ फूट रुंदी. याहून मोठ्या मंडपांत उच्चार अस्पष्ट होतो आणि मुखावरील भाव मागच्यांस दिसत नाहीं, हें त्यांचें कारण. मंडप पर्वतांतील गुहेसारखा असावा, म्हणजे नाद गंभीर राहतो, असेंही ते सांगतात. ज्यानें हें लिहिलें तो शेवटच्या रांगेंत बसून आला असला पाहिजे.

हें आठवण्याचें कारण कोल्हापूर. शाहू महाराजांनीं बांधविलेलें व १९१५ सालीं पुरें झालेलें तेथील पॅलेस थिएटर पुढें संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं तें आगींत सांपडलें. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा! नाट्यगृह पूर्वी होतें तसेंच उभारावें, अशी मागणी लगेच झाली व ती रास्तच होती. परंतु ‘तसेंच’ म्हणजे काय? छायाचित्रांत दिसतो तो दर्शनी भाग. पण ध्वनिवर्धकाचा आधार नसलेल्या काळांत नटाचा शब्द जें छत व ज्या भिंती मागच्या प्रेक्षकापर्यंत नेत होत्या, त्यांचें छायाचित्र निघत नाहीं. दगड पुन्हां रचतां येतो. कान घडविणें कठीण.

हा कान नसला म्हणजे काय होतें, याचा अनुभव आम्हीं अलीकडेच एका नव्या, प्रशस्त सभागृहांत घेतला. नायिका रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यांत मुलाच्या आजाराविषयीं बोलत होती आणि तिचा आवाज आमच्या डोक्यावरील कर्ण्यांतून येत होता. चेहरा एकीकडे, दुःख दुसरीकडे! नटीचा यांत कांहीं दोष नव्हता. सत्कारसमारंभ, नृत्यस्पर्धा, वाद्यवृंद व नाटक या सर्वांची सोय एकाच छताखालीं पाहणाऱ्यांनीं नाटकाचीच तेवढी गैरसोय केली होती.

उलट, जागेच्या तोकडेपणानें नाटकाचें क्वचितच बिघडलें आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहांत ‘आविष्कार’नें १९७४ पासून प्रयोग सुरू केले, तेव्हां तेथें ना भपका होता ना मऊ आसनें, पण नटाला कुजबुजतां येत होतें, आणि त्या कुजबुजीनें आपल्या अभिनयाची पद्धतच पालटली. पुण्याच्या भरत नाट्य मंदिरांत १६ डिसेंबर १९७२ रोजीं ‘घाशीराम कोतवाल’ प्रथम रंगभूमीवर आलें. त्यांत पडद्याचें काम माणसांच्या रांगेनें केलें. पाठ फिरविली कीं भिंत, तोंड फिरविलें कीं पुण्याचे ब्राह्मण! हा पडदा जवळून पाहावयाचा आहे. शंभर फुटांवरून ती केवळ एक शिस्तबद्ध कवाईत दिसेल. जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाची स्तुति करणारे या अंतराचा विचार सहसा करीत नाहींत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. नाट्यगृह नवें बांधलें वा जुनें सावरलें कीं उद्घाटनाच्या आदल्या दिवशीं सर्व कर्णे बंद करावे, एका नटास रंगमंचाच्या मध्यावर उभें करून हलक्या आवाजांत एक उतारा म्हणावयास सांगावें, आणि स्थापत्यविशारद व नगरपित्यांना अगदीं मागच्या रांगेंत बसवून त्यांनीं काय ऐकलें तें कागदावर लिहून घ्यावें. भाषणें दुसऱ्या दिवशीं.