'प्रमाणित परिस्थितीत ठेवले' : एका वाक्याची झडती

शोधगंगेवर फार्मसी किंवा लाइफ सायन्सेसचा एखादा प्रबंध उघडा आणि 'साहित्य व पद्धती' हे प्रकरण काढा. काम प्राण्यांवरचं असेल तर एक वाक्य बहुतेक सापडेलच. विस्टार जातीचे उंदीर पॉलिप्रॉपिलिनच्या पिंजऱ्यात ठेवले, तापमान २५ ± २ अंश सेल्सिअस, बारा तास उजेड, बारा तास अंधार, अन्न-पाणी हवं तेवढं, सगळं 'प्रमाणित परिस्थितीत'. गाव कुठलंही असो, महिना कुठलाही असो, वाक्य तेच.

आज या एका वाक्यावर टीका करायची आहे. आधी कबुली देते: माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात हेच वाक्य होतं. एका सीनियरच्या प्रबंधातून उचललेलं, आणि त्यानेही कुठून तरी उचललेलंच.

प्रयोग मात्र एप्रिल-मे मधला होता. नांदेडचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. दुपारी पारा चाळीसच्या वर असतो. अ‍ॅनिमल हाउसमध्ये एसी आहे, पण लाइट गेली की एसीही गेला. एका दुपारी दोन तास लाइट नव्हती. मी आत गेले तर उंदीर पिंजऱ्याच्या तळाशी अंग ताणून पडलेले, तोंडाभोवतीची केसं लाळेने ओली. भिंतीवरच्या थर्मामीटरवर ३७. रजिस्टरमध्ये त्या दिवसाची नोंद काय? २५. सकाळीच भरून ठेवलेली. मग माझं वाक्य खरं कसं?

"एवढ्याने काय होतं, गट तर सगळे एकाच खोलीत होते ना?" असं मला एकाने विचारलं. प्रश्न चांगला आहे, म्हणून नीट बघू.

आपल्याकडे वारंवार होणारा प्रयोग घ्या: स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेह करायचा, मग एखाद्या वनस्पतीचा अर्क देऊन साखर उतरते का ते मोजायचं. उकाड्यात उंदीर कमी खातो. ताणाने कॉर्टिकोस्टेरॉन वाढतं आणि त्याने रक्तातली साखर वाढते. म्हणजे आपण जे मोजतोय तेच खोलीच्या हवेने हलतं. बरं, सगळ्या गटांवर सारखंच हलत असेल? नाही. मधुमेही उंदीर खूप पाणी पितो, खूप लघवी करतो. त्याचं तूस निरोगी गटापेक्षा कितीतरी लवकर भिजतं. पिंजरे ठरलेल्या दिवशीच बदलायचे असतील, तर मधुमेही गट ओल्या तुसावर, अमोनियाच्या वासात बसतो आणि निरोगी गट कोरड्यावर. अर्काने साखर थोडी उतरली, लघवी कमी झाली, की पिंजराही कोरडा राहतो. मग शेवटी दिसलेला फरक अर्काचा किती आणि कोरड्या तुसाचा किती?

दुसरी गोष्ट. गटात सहा उंदीर आणि सहाही एकाच पिंजऱ्यात, ही आपली नेहमीची सोय. पण त्या पिंजऱ्यात एक दांडगा नर बाकीच्यांना चावत असेल, किंवा तो पिंजरा रॅकच्या वरच्या फळीवर ट्यूबलाइटजवळ असेल, तर त्याचा परिणाम सहाही जणांवर होतो. अशा वेळी आकडेवारीत 'सहा' धरणं धाडसाचं आहे. पिंजरा एकच आहे.

हे माझ्या मनचं नाही. १९९९ मध्ये क्रॅब आणि सहकाऱ्यांनी तीन शहरांतल्या तीन प्रयोगशाळांत त्याच जातींचे माइस, तीच उपकरणं, तीच वेळ, सगळं जुळवून वर्तनाच्या चाचण्या घेतल्या. तरी काही चाचण्यांचे निकाल जागेगणिक बदलले. २०१० मध्ये हर्स्ट आणि वेस्ट यांनी दाखवलं की माइसना शेपटीने उचललं तर ते जास्त घाबरलेले राहतात. नळीतून किंवा ओंजळीत उचललं तर भीती कमी होते. २०१३ मध्ये कोकोलस यांच्या गटाने माइसना २२ ऐवजी ३० अंशांच्या आसपास ठेवलं, तर कर्करोगाच्या गाठी सावकाश वाढल्या. माइसना मुळात ३० च्या जवळपासचं तापमान मानवतं. आपण अंगात एप्रन घालून काम करतो, म्हणून खोली आपल्या सोयीने गार ठेवतो. तेव्हा 'उकाडा वाईट, एसी चांगला' इतकं सरळ गणित नाही. कुठल्या प्राण्याला काय मानवतं हे बघावं लागतं आणि जे काही असेल ते रोज मोजावं लागतं.

आता नियमांकडे येऊ. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातून आलेली समिती, जिला आपण सीपीसीएसईए म्हणायचो आणि आता सीसीएसईए म्हणतो, तिच्या सूचनांत तापमान १८ ते २९ अंश आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के सांगितली आहे. या व्यवस्थेने चांगलं काम केलंय. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी नसेल तर आज प्रयोग करता येत नाही, आणि किती प्राणी व का याचं उत्तर द्यावं लागतं. पण कायद्याचं कलम १७ प्रयोगाआधी, प्रयोग चालू असताना आणि प्रयोगानंतरही विनाकारण वेदना होऊ नयेत असं सांगतं, आणि आपलं सगळं लक्ष 'आधी'वर. फॉर्म बी भरला, प्रमाणपत्र प्रबंधाला जोडलं, संपलं. मधल्या अठ्ठावीस दिवसांचं कोण विचारतं?

जगातही चित्र फार वेगळं नाही. प्राण्यांवरचं संशोधन कसं लिहावं याची 'अराइव्ह' नावाची सूची आहे. तिच्या २०२० च्या आवृत्तीत दहा बाबी अत्यावश्यक आहेत. निवारा आणि देखभाल त्या दहात नाही. ती 'शिफारस' या दुसऱ्या यादीत, पंधराव्या क्रमांकावर आहे. ही निवड मला पटत नाही. ज्या खोलीत प्राणी दिवसाचे चोवीस तास काढतो, ती प्रयोगाच्या बाहेर कशी?

विरोधी मुद्दा मला ठाऊक आहे: आमच्याकडे पैसा नाही, मुंबई-पुण्यासारख्या सोयी नाहीत. एसीला जनरेटर जोडणं विद्यार्थ्याच्या हातात नाही, मान्य. पण कमाल-किमान तापमान दाखवणारा, आर्द्रताही मोजणारा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. प्लंबरकडे उरलेल्या पीव्हीसी पाइपचे तुकडे लपायला पुरतात. घरट्यासाठी साधा टिश्यू पेपर चालतो. "पिंजऱ्यात वस्तू ठेवल्या की निकाल विस्कळीत होतात" असंही म्हणतात; २००४ मध्ये वोल्फर आणि सहकाऱ्यांनी तीन प्रयोगशाळांत हे तपासलं आणि तसं आढळलं नाही.

तुम्ही आता सिनॉप्सिस लिहीत असाल तर चार कामं आधीच ठरवून ठेवा. तापमान दिवसातून दोनदा स्वतः बघून लिहा, दुपारचं नक्की. प्रत्येक गट किमान दोन-तीन पिंजऱ्यांत विभागा आणि रॅकवरच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. तूस वार बघून बदलू नका, ओल बघून बदला. आणि लाइट गेली, पाण्याची बाटली गळली, कुणी चावलं, तर ते त्याच दिवशी लिहा.

माझं वाक्य आता असं आहे: 'प्रयोगकाळात खोलीचं तापमान २४ ते ३७ अंशांदरम्यान राहिलं, वीज गेल्यामुळे एका दुपारी सुमारे दोन तास ते २९ च्या वर होतं, त्यानंतरच्या तीन दिवसांची साखरेची मोजमापं वेगळी दाखवली आहेत.' गाइड म्हणाले, "परीक्षक यावर अडवतील." अडवतीलही. त्या तीन दिवसांतल्या साखरेच्या ज्या आकड्यांना मी आधी 'चूक' समजून वगळणार होते, ते आता तक्त्यात आहेत. अठ्ठेचाळीस उंदीर मी या कामासाठी मारले आहेत. त्यांच्याबद्दलचं निदान एक वाक्य तरी दुसऱ्याच्या प्रबंधातून उतरवलेलं नसावं.