पोषणशिक्षण आणि मोजमापाची शिस्त

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेली भारतीय अन्नघटक-कोष्टके हा पोषणशिक्षकाचा आधारग्रंथ होय. देशाच्या ६ विभागांतील नमुने घेऊन त्यात ५२८ अन्नपदार्थांचे पृथक्करण दिले आहे. हे कार्य निःसंशय मौलिक आहे. तथापि कोष्टके मुख्यतः कच्च्या पदार्थांची, आणि ताटात येते ते शिजलेले अन्न. हे अंतर ओलांडण्याचे शिक्षण प्रशिक्षणातच मिळावयास हवे.

मुळशी तालुक्यातील माण येथे भातशेती करणारी जुनी घरे आहेत, तशीच हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाच्या विस्ताराबरोबर आलेली भाडेकरू कुटुंबेही आहेत. ‘एक भाकरी’, ‘वाटीभर भात’ या उत्तरांचे वजन तेथे घरागणिक बदलणार. वाटी न मोजता, कोरडे पीठ न तोलता केलेले गणित दशांशापर्यंत नेले म्हणून अचूक ठरत नाही.

शिवाय २४ तासांच्या आहारस्मरणाची एकच नोंद समूहाची सरासरी सुचवील. व्यक्तीचा नित्याचा आहार सांगणार नाही. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी विचारले, तर उपवासच नित्याचा आहार ठरावयाचा! अशा एका नोंदीवरून एखाद्या मातेस दोष देणे अशास्त्रीय तर आहेच, अन्यायाचेही आहे. म्हणून प्रशिक्षणाची परीक्षा केवळ प्रश्नपत्रिकेवर न घेता तराजूवर आणि पुनर्नोंदीवर घेतली पाहिजे.