फुप्फुसधमनीची प्रसरणक्षमता : एका पूर्वसूचकाची चिकित्सा

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले. रोग्याचा काही तासांतच अंत झाला. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या आरोपणाची गतीही तीच झाली. फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा वाढलेला रोध नव्या हृदयाला पेलवला नाही, असे कारण पुढे नोंदले गेले. जगभरच्या अशा अनुभवांतून हा रोध आरोपणापूर्वीच्या तपासणीतील एक निर्णायक आकडा ठरला.

परंतु रोध ही संथ व अखंड प्रवाहाची राशी आहे. हृदय रक्त ठोक्याठोक्याने फेकते आणि फुप्फुसधमनी ताणली जाऊन त्यातील काही भाग क्षणभर साठवते. उजव्या जवनिकेच्या श्रमाचा सुमारे चौथा हिस्सा या स्पंदनातच खर्ची पडतो; रोधाच्या हिशेबात तो येतच नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रसरणक्षमतेची राशी पुढे आली. एका ठोक्यातील रक्तप्रमाणाला धमनीतील नाडीदाबाने भागले की ती मिळते. निरोगी माणसात ७५ मि. लि. रक्त आणि २५ व १० मि. मी. पारा असे दाब धरल्यास ५ हा आकडा येतो, ४८ मि. लि. आणि ६० व २८ असे दाब असतील, तर तो १.५ वर उतरतो. पेलेग्रिनी व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखविले की, जीर्ण हृदयविफलतेत रोध प्राकृत असतानाही ही क्षमता घटलेली असल्यास रोग्याचे भवितव्य चिंताजनक असते. निष्कर्ष महत्त्वाचा आहे. त्याचा अर्थ लावताना मात्र घाई होते.

या भागाकाराचा अंश म्हणजे ठोक्यातील रक्तप्रमाण. दुबळ्या हृदयात ते मुळातच कमी असते आणि तेवढ्यावरूनही रोग्याचे भवितव्य पुष्कळसे कळते. मग भाकिताचे श्रेय धमनीचे किती आणि अंशाचे किती? शिवाय ठोका चालू असतानाच काही रक्त पुढे निघून जाते, म्हणून हा आकडा खऱ्या साठवणीपेक्षा मोठाच येतो. रोध आणि प्रसरणक्षमता यांचा गुणाकार जवळजवळ स्थिर राहतो, या प्रसिद्ध सिद्धान्ताकडेही बारकाईने पाहावयास हवे. गुणाकार मांडताच रक्तप्रमाण वर-खाली उडून जाते. उरते ते केवळ दाबांचे गुणोत्तर आणि एका ठोक्याचा काळ. दोन स्वतंत्र गुणधर्मांचे नाते म्हणून जे सांगितले जाते, त्यात मांडणीचाच वाटा बराच आहे.

टेडफर्ड व सहकाऱ्यांचे २०१२ मधील काम या दृष्टीने अधिक बोलके आहे. डाव्या कर्णिकेतील दाब चढला की रोध तेवढाच असूनही प्रसरणक्षमता अपेक्षेपेक्षा खाली जाते, असे त्यांना आढळले. कोल्हापूरच्या वाचकाला यासाठी दूरचा दाखला नको. राजाराम बंधाऱ्याला बरगे घातले की पंचगंगेच्या वरच्या पात्रात फुगवटा चढतो. काठ तेच, पात्रही तेच. पण आणखी पाणी सामावण्याची जागा कमी झालेली असते. (उपमा अपुरी आहे, कारण नदीचे काठ ताणले जात नाहीत.) डावे हृदय तुंबले की फुप्फुसधमनीही अशीच आधीच ताणलेली असते आणि ताणलेली भिंत पुढे सहजी ताणली जात नाही. तेव्हा घटलेला आकडा भिंतीच्या कायमच्या विकाराचा, की मागून आलेल्या दाबाचा, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

रोग्याच्या दृष्टीने हा भेद शाब्दिक नाही. तुंबलेला दाब मूत्रल औषधांनी उतरू शकतो. भिंतीत झालेला बदल तसा उतरत नाही. पहिल्याच मोजणीवरून एखाद्यास आरोपणास अपात्र ठरविले, तर फुगवट्यालाच पात्राचा दोष मानल्यासारखे होईल. म्हणून या राशीबरोबर डाव्या बाजूचा दाब आणि रक्तप्रमाण हे दोन्ही आकडे सुटे दिले पाहिजेत, आणि दाब उतरल्यानंतर त्याच रोग्याची मोजणी पुन्हा झाली पाहिजे. ती मोजणी उजव्या हृदयात नलिका घालूनच होते. ती दोनदा करणे खर्चाचे आणि त्रासाचे आहे. बहुतेक अभ्यास एकाच मोजणीवर थांबतात.